पास्कलचं घराणं

दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचंच दही. मग पहिलं दही कशानं लागलं? १९६९-७० च्या सुमारास झुरिकमधल्या ईटीएच या स्विस तंत्रविद्यापीठात काही मंडळींपुढे नेमका हाच पेच होता. त्यांच्याकडे दह्याच्या जागी प्रोग्रॅमिंगची एक नवी भाषा होती.

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त आकड्यांतल्या, अगदी बारीक आज्ञा कळतात: ही संख्या इकडून उचल, तिच्यात ती मिळव, उत्तर तिकडे ठेव. माणसाला वाचता येईल अशा भाषेतला मजकूर या आज्ञांमध्ये उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. झुरिकच्या गटाला पास्कल या नव्या भाषेचा कंपायलर करायचा होता. पहिला प्रयत्न त्या काळी सगळीकडे चालणाऱ्या फोरट्रान भाषेत झाला आणि फसला. कंपायलरला पोटात जी गुंतागुंतीची माहिती सांभाळावी लागते, तिची मांडणी फोरट्रानमध्ये नीट करताच येईना. ते सगळं काम टाकून दिलं गेलं. दुसऱ्या खेपेला ठरलं, की पास्कलचा कंपायलर पास्कलमध्येच लिहायचा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्या भाषेतली एक ओळसुद्धा जगातलं कुठलंही यंत्र चालवू शकत नव्हतं, त्या भाषेत अख्खा कंपायलर लिहिला गेला. लिहिणाऱ्यांना तो चालवून बघायची सोय नव्हती. चूक झाली तर दाखवणारं कुणी नव्हतं. तो बहुतेक लिहून झाला तेव्हा गटातल्या एका सहकाऱ्याला दोन आठवडे घरी बसवण्यात आलं. काम एकच होतं: हा मजकूर हातानं, ओळ न् ओळ, विद्यापीठातल्या सीडीसी कंपनीच्या संगणकाला समजणाऱ्या एका खालच्या पातळीच्या भाषेत उतरवायचा. ते दोन आठवडे तो माणूसच कंपायलर होता.

पुढचा भाग मला दर वेळी नव्यानं थक्क करतो. हातानं उतरवलेली प्रत यंत्रावर चढवली जाते आणि तिच्यापुढे तोच मूळ मजकूर ठेवला जातो. ती त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करते, आणि हाती येतो यंत्रानं तयार केलेला पहिला कंपायलर. आता या कंपायलरला पुन्हा तोच मजकूर द्यायचा, म्हणजे त्यानं स्वतःचंच रूपांतर करायचं. त्यातून निघालेला दुसरा कंपायलर पहिल्याशी बिट न् बिट जुळायला हवा; नाही जुळला तर कुठेतरी चूक आहे. कंपायलर बनवणारे आजही आपल्या कामाची अशी परीक्षा घेतात. एकदा हे जमलं, की हातानं केलेली प्रत फेकून द्यावी. यापुढची प्रत्येक सुधारणा पास्कलमध्ये लिहायची आणि आदल्या कंपायलरकडून उतरवून घ्यायची. १९७० च्या मध्यापर्यंत झुरिकचा कंपायलर तयार झाला, आणि त्याच वर्षी भाषेची व्याख्याही प्रसिद्ध झाली.

हे जमलं याचं मोठं कारण म्हणजे पास्कल लहान होती. एका माणसाला दोन आठवड्यांत हातानं उतरवता येईल एवढी. तिच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात जे जे मला विलक्षण वाटतं, ते या लहानपणातूनच निघालं आहे.

भाषा करणारे निक्लाउस विर्थ १९३४ साली स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला जन्मले. ईटीएचमधून इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर झाले, कॅनडातल्या क्वेबेकला आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला शिकले, मग स्टॅनफर्डमध्ये शिकवू लागले. त्या काळी संगणकशास्त्रातल्या विचारी माणसांचं दैवत होतं अल्गोल ६०. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला युरोप-अमेरिकेतल्या तेरा जणांनी मिळून ती भाषा पक्की केली होती. तिचं व्याकरण गणिती सूत्रांसारखं काटेकोर लिहिलेलं होतं आणि तिच्यातला प्रोग्रॅम वाचताना विचाराचा आकार डोळ्यांना दिसे. धंद्यात ती फारशी चालली नाही. पण नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भाषेवर तिची सावली आहे.

अल्गोलची पुढची आवृत्ती करायला समिती बसली. विर्थ आणि ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी मिळून एक आटोपशीर मसुदा दिला. समितीला मात्र मोठी, सर्वसमावेशक आणि तात्त्विकदृष्ट्या नवी भाषा हवी होती. तिनं आद्रियान व्हान वाइनखार्डन यांचा मसुदा उचलला. त्यातून अल्गोल ६८ झाली, जी समजून घेणं भल्याभल्यांना जड गेलं. विर्थ यांनी आपला नाकारलेला मसुदा स्टॅनफर्डमध्ये प्रत्यक्षात उतरवला. ती अल्गोल डब्ल्यू. (हिच्यासाठीच होअर यांनी १९६५ मध्ये मेमरीतल्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरचा 'काहीच न दाखवणारा' प्रकार, म्हणजे नल, भाषेत आणला. २००९ साली त्यांनीच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप अचानक बंद पडतं त्यामागे पुष्कळदा हाच नल असतो.) मग विर्थ मायदेशी परतले आणि समितीशिवाय कामाला लागले. नाव त्यांनी ब्लेझ पास्कलचं घेतलं. या फ्रेंच मुलानं १६४२ मध्ये, विशी गाठायच्या आत, कर गोळा करणाऱ्या वडिलांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र करायला घेतलं होतं.

आता भाषेकडे येऊ. पास्कल ही प्रक्रियाप्रधान भाषा: मोठं काम छोट्या, नाव दिलेल्या कृतींमध्ये फोडायचं, त्या कृती आणखी छोट्या कृतींमध्ये, असं करत यंत्राला थेट सांगता येईल इथवर पोचायचं. यात पास्कलच पहिली होती असं नाही. तिचं खरं नवेपण माहितीकडे बघण्याच्या तऱ्हेत आहे.

बहुतेक जुन्या भाषा प्रोग्रॅमरला विचारत, की ही पूर्णांक संख्या आहे की दशांश? पास्कल त्याच्या पुढचा प्रश्न विचारते: ही वस्तू तुझ्या जगात काय आहे, आणि ती कुठून कुठपर्यंत जाऊ शकते? महिन्यातला दिवस साठवायचा असेल तर तो नुसता पूर्णांक नाही. पास्कलमध्ये तुम्ही लिहिता, दिवस : १..३१. आता त्या जागेत ३२ गेला तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबून तक्रार करू शकतो. वारांसाठी १ ते ७ असे आकडे ठरवून ते लक्षात ठेवायची गरज नाही; वार = (सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि) असा नवा प्रकारच जाहीर करायचा. (प्रत्यक्षात नावं रोमन लिपीत लिहावी लागतात, कल्पना हीच.) मग मंगळवारात चुकून विद्यार्थ्याचा हजेरी क्रमांक मिळवायला गेलात, तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच, उतरवतानाच, कंपायलर अडवतो. नाव, जन्मतारीख, गुण असं वेगवेगळ्या जातीचं एकत्र बांधायचं तर रेकॉर्ड. गुणांची हद्द ठरवून दिली, की तिच्याबाहेरची संख्या गुणांच्या जागी बसणार नाही.

आणि संच. शाळेत शिकलेले संच, त्यांचा संयोग आणि छेद, पास्कलमध्ये जसेच्या तसे लिहिता येतात. सुट्टी := [शनि, रवि] लिहिलं, की 'आज सुट्टीत आहे का?' हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारता येतो. यंत्राच्या आत हे कसं घडतं ते फार सुंदर आहे. झुरिकच्या सीडीसी संगणकाचा एक शब्द ६० बिटांचा होता. प्रत्येक वाराला एक बिट: असेल तर १, नसेल तर ०. दोन संचांचा संयोग म्हणजे दोन शब्दांवर 'किंवा'ची एक आज्ञा. छेद म्हणजे 'आणि'ची एक आज्ञा. गणितातली एक अमूर्त कल्पना आणि प्रोसेसरची एकच क्रिया इतकी अचूक एकमेकांवर बसतात, आणि मधल्या भाषेला दोन्हीकडे काही सोडावं लागत नाही. विर्थ इंजिनियर होते आणि गणितीही. त्यांच्या भाषेत दोघं सुखानं नांदतात.

व्याकरणही त्यांनी असंच घडवलं. कंपायलरनं मजकूर सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाच वाचावा आणि पुढचं एक चिन्ह दिसताच आपण कुठल्या रचनेत आहोत हे त्याला कळावं. मागे वळायचं नाही, अंदाज बांधून नंतर तो बदलायचा नाही. म्हणूनच पास्कलमध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट वापरायच्या आधी जाहीर करावी लागते. अख्खं व्याकरण रेल्वेच्या रुळांसारख्या दिसणाऱ्या काही आकृत्यांमध्ये मावतं: बाणाच्या दिशेनं बोट फिरवत जा, वाटेत जे शब्द लागतील त्यांचं शुद्ध वाक्य बनतं. कॅथलीन जेन्सन आणि विर्थ यांचं १९७४ सालचं पास्कलवरचं पुस्तक चाळलं, की या आकृत्यांची शिस्त दिसते. कंपायलरची रचना त्या आकृत्यांवरून जवळजवळ थेट काढता येते, एकेका आकृतीसाठी एकेक कृती. त्यामुळे कंपायलर कसा लिहावा हे जगभरच्या हजारो विद्यार्थ्यांना पास्कलमुळेच प्रथम उमगलं.

आता पत्रं येऊ लागली: आमच्याकडे वेगळा संगणक आहे, त्यावर पास्कल कशी चालवू? प्रत्येक कंपनीच्या यंत्राच्या आज्ञा निराळ्या, म्हणजे दर वेळी कंपायलरचा उतरवणारा भाग नव्यानं लिहायचा. झुरिकच्या गटाला यावर जी युक्ती सुचली तिचं तेज अजून कमी झालेलं नाही. त्यांनी एक संगणक कागदावर कल्पिला. अगदी साधा, मोजक्या आज्ञांचा, प्रत्यक्षात कुठेच नसलेला. कंपायलर त्या कल्पित यंत्रासाठी आज्ञा तयार करी. त्यांना पी-कोड म्हणत. ज्याला पास्कल हवी, त्यानं आपल्या खऱ्या संगणकावर त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. एवढं केलं की कंपायलर, आणि त्यातून निघणारा प्रत्येक प्रोग्रॅम, त्या यंत्रावर चालू.

या कंपायलरच्या पुस्तिकेवर पाच नावं आहेत आणि त्यात पहिलं नाव भारतीय आहे: के. व्ही. नोरी. केशव नोरी पुढे भारतात परतले, कानपूरच्या आयआयटीत शिकवलं, आणि नंतर पुण्यातल्या टाटा संशोधन विकास आणि आरेखन केंद्रात काम केलं. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात सॉफ्टवेअर यंत्राकडून लिहून घेण्याच्या पद्धतींवर पुढे पुष्कळ काम झालं. पी-कोडची वही ते पुणे ही वाट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पी-कोड सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचला. तिथे केनेथ बोल्स यांनी तो छोट्या मायक्रोकॉम्प्युटरांवर बसवला, तिथून १९७९ मध्ये तो अ‍ॅपल २ वर आला. अ‍ॅपलच्या लिसा संगणकाचं बरंचसं सॉफ्टवेअर पास्कलमध्ये लिहिलेलं होतं. मॅकिंटॉशच्या प्रोग्रॅमरांसाठीची अधिकृत पुस्तकं पास्कलच्या भाषेत बोलत. फोटोशॉपची पहिली आवृत्ती, १९९० सालची, बव्हंशी पास्कलमध्ये आहे. तिचा मूळ मजकूर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला केला. कल्पित यंत्राची कल्पना तर पास्कलहूनही दूर गेली. जावा ही भाषा हेच करते. तुमच्या अँड्रॉइड फोनवरची अ‍ॅपंही आधी अशाच एका कागदी यंत्रासाठी उतरवलेली असतात.

भारतात अभियांत्रिकीच्या हजारो मुलांनी एक निळा पडदा पाहिला आहे: वर राखाडी मेनू, निळ्यावर पिवळी-पांढरी अक्षरं, टर्बो सी. जगानं तो सोडल्यावरही कितीतरी वर्षं आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत तो चालूच होता. त्या पडद्याचं मूळ पास्कलमध्ये आहे. अँडर्स हाइल्सबर्ग या डॅनिश तरुणानं एक अतिशय वेगवान पास्कल कंपायलर लिहिला होता. फिलिप कान यांच्या बोरलँड कंपनीनं तो नोव्हेंबर १९८३ मध्ये टर्बो पास्कल म्हणून ४९.९५ डॉलरला बाजारात आणला. तेव्हा कंपायलर शेकडो डॉलरना विकले जात. आधी एका प्रोग्रॅममध्ये मजकूर टंकायचा, तो फाइलमध्ये ठेवायचा, मग फ्लॉपी बदलत बदलत कंपायलर चालवायचा, चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. टर्बो पास्कलमध्ये लिहिणं, उतरवणं आणि चालवणं एकाच जागी, मेमरीतच होई. चूक सापडली की कर्सर आपोआप त्या जागी जाऊन उभा राही. तिसऱ्या आवृत्तीची ३.०२ ही प्रत ३९,७३१ बाइटांची होती. संपादक आणि कंपायलर मिळून चाळीस किलोबाइटांच्या आत! आज फोनवर काढलेल्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. भाषा लहान आणि एकदाच वाचता येणारी नसती, तर हे घडलं नसतं. त्याच कंपनीनं पुढे टर्बो सी आणि मग १९९५ मध्ये पास्कलवरच आधारलेली डेल्फी काढली. हाइल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी सी-शार्प आणि टाइपस्क्रिप्ट केल्या. वेबसाइटी बांधणारी आजची मुलं टाइपस्क्रिप्टमध्ये चलाचं नाव, मग अपूर्णविराम, मग प्रकार असं लिहितात. पास्कलमध्येही हाच क्रम आहे.

मग पास्कल मागे का पडली? तिच्याच पिढीची एक भाषा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी केलेली सी, तिला मागे टाकून गेली. दोघींची आजी अल्गोल ६०, पण स्वभाव उलटे. पास्कल हद्द विचारते. सी प्रोग्रॅमरवर सगळं सोपवते. ज्यांना कार्यप्रणाली लिहायची होती त्यांना सीचं स्वातंत्र्य हवं होतं. शिवाय पास्कलचे दोष खरे होते. बेल प्रयोगशाळेतल्या ब्रायन कर्निगन यांनी १९८१ मध्ये ते सविस्तर मांडले. सगळ्यात बोचरा मुद्दा: यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग असल्यानं दहा संख्यांची यादी लावणारी कृती वीस संख्यांची यादी घेऊच शकत नाही. मोठा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी वेगळा उतरवायची सोयही मूळ पास्कलमध्ये नव्हती. कर्निगन यांचं म्हणणं मला पटतं. शिकवण्यासाठी केलेली भाषा धंद्यात जशीच्या तशी चालणार नव्हती.

पण दुसऱ्या बाजूची किंमतही मोजायला हवी. सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमनं ठरवलेल्या जागेच्या बाहेर लिहिलं, तरी त्याला कुणी हटकत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म हा उपद्रवी प्रोग्रॅम ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यातली एक हीच होती: ५१२ बाइटांच्या जागेत जास्त मजकूर ओतायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की दर वर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी अशी बेशिस्त हाताळल्यानं होतात. हे वाचलं की १९७० सालचा तो साधा प्रश्न, 'ही वस्तू कुठून कुठपर्यंत जाऊ शकते?', किती आधी विचारला गेला होता ते जाणवतं.

प्रश्न विचारून काम संपत नाही, हे पास्कलच्या सगळ्यात भारदस्त वारसदार भाषेनं दाखवलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला शेकडो भाषांच्या जंजाळातून सुटायचं होतं. स्पर्धा लावली गेली. चार गट निवडले गेले, त्यांना हिरवा, लाल, निळा, पिवळा अशी टोपणनावं होती, आणि चौघांनीही पाया म्हणून पास्कलच घेतली होती. फ्रान्समधल्या जाँ इचबिया यांचा हिरवा गट जिंकला. भाषेला पहिल्या प्रोग्रॅमर म्हणवल्या जाणाऱ्या एडा लव्हलेस यांचं नाव दिलं गेलं, आणि लष्करी मानकाचा क्रमांक ठरला १८१५, त्यांचं जन्मवर्ष. एडात पास्कलच्या हद्दी, प्रकार, नावं सगळं आहे, पण भाषा प्रचंड झाली. १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात होअर यांनी तिच्या आकाराबद्दल कळकळीचा इशारा दिला होता.

४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि सुमारे ४० सेकंदांत फुटलं. त्याच्या दिशादर्शक प्रणालीत एडामध्ये लिहिलेला, जुन्या एरियन ४ कडून आणलेला प्रोग्रॅम होता. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायची होती, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७. जुन्या रॉकेटला ती मर्यादा पुरत होती. नवं रॉकेट आडव्या दिशेनं जास्त वेगात जाणारं होतं, आणि संख्या मावली नाही. भाषेनं ते ओळखलं. पण अशा सात चलांपैकी तीन संरक्षणाविना सोडली होती, कारण प्रोसेसरवरचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा होता. तक्रार झाली, ती ऐकून सावरणारं कुणी नव्हतं, संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तोच प्रोग्रॅम होता, तो क्षणभर आधीच त्याच कारणानं थांबला होता. आणि गणिताचा तो भाग एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. चौकशी अहवालातला हा तपशील वाचताना माझ्या पोटात अजून गोळा येतो.

विर्थ या सगळ्याच्या उलट दिशेनं चालले होते. १९७६-७७ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात वर्षभर राहिले. तिथे त्यांनी आल्टो हा एकाच माणसानं वापरायचा, चित्रमय पडद्याचा, माउस असलेला संगणक पाहिला. तसा संगणक युरोपात विकत मिळत नव्हता. मग त्यांनी तो करायचं ठरवलं. १९८० पर्यंत ईटीएचमध्ये लिलिथ तयार झाला, आणि त्यावरचं सगळं सॉफ्टवेअर एकाच भाषेत होतं: मोड्युला-२. पास्कलमध्ये जे नव्हतं ते हिच्यात आलं. प्रोग्रॅम मोड्यूलमध्ये विभागायचा, बाहेर काय दिसावं आणि आत काय लपावं हे स्पष्ट लिहायचं. आज माउसवर नाव वाचतो ती स्विस लॉजिटेक कंपनी ऐंशीच्या दशकात मोड्युला-२ चा कंपायलरही विकत असे.

मग ओबेरॉन, युर्ग गुटक्नेख्ट यांच्यासोबत. इथे भाषा, कार्यप्रणाली आणि त्यासाठीचा संगणक हे सगळं मूठभर माणसांनी मिळून केलं. भाषेची पूर्ण व्याख्या सोळा-सतरा पानांत बसते. मोड्युलावरून ओबेरॉन करताना विर्थ यांनी कितीतरी गोष्टी काढून टाकल्या, आणि त्यात वारांसारखे गणलेले प्रकार आणि १..३१ सारख्या हद्दीही गेल्या. मोठे प्रोग्रॅम मोड्यूलांत पसरले की गणलेले प्रकार वाढवताना अडचण होते, असं त्यांना दिसलं होतं. मला हा निर्णय पटत नाही. हद्द सांगण्याची सोय ही पास्कलची जगाला सर्वांत मोठी देणगी होती असं मी मानतो. तरीही स्वतःचीच लाडकी कल्पना इतक्या निर्ममपणे वगळणारा माणूस विरळा.

कंपायलरचा वेग वाढवणाऱ्या प्रत्येक नव्या युक्तीला विर्थ यांची एक कसोटी होती. त्यांचा विद्यार्थी मिशाएल फ्रान्झ यानं ती लिहून ठेवली आहे. युक्ती घातली की कंपायलर मोठा होतो, आणि त्याला स्वतःला उतरवायला जास्त वेळ लागतो. पण त्या युक्तीमुळे तयार झालेला कंपायलर जलदही चालतो. या जमाखर्चात, स्वतःला उतरवायला लागणारा एकूण वेळ कमी होत असेल तरच ती युक्ती ठेवायची. नाहीतर काढून टाका. गुणवत्तेचं याहून प्रामाणिक माप मला माहीत नाही. १९९५ च्या एका लेखात त्यांनी फुगत चाललेल्या सॉफ्टवेअरची व्यथा मांडली: यंत्रं ज्या वेगानं जलद होताहेत त्याहून जास्त वेगानं सॉफ्टवेअर मंद होतंय. ते वाक्य आपलं नाही, सहकारी मार्टिन राइझर यांचं आहे, हे त्यांनी तिथेच नोंदवलं. लोकांनी मात्र त्याला विर्थ यांचाच नियम म्हटलं. १९८४ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना आधीच मिळाला होता. २०१३ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, ओबेरॉनसाठीचा जुना प्रोसेसर मिळेनासा झाला म्हणून त्यांनी पुन्हा प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर स्वतःचा नवा प्रोसेसर रचला आणि सगळी प्रणाली त्यावर बसवली. १ जानेवारी २०२४ रोजी ते गेले.

घराण्यातली नातवंडं-पतवंडं कामाला आहेत. गूगलची गो भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्या तीन कर्त्यांपैकी रॉबर्ट ग्रीसमर ईटीएचचे, ओबेरॉनच्या परंपरेत वाढलेले. आणि केन थॉम्प्सन हे बी या भाषेचे, म्हणजे सीच्या आईचे, जनक. अल्गोलपासून फुटलेल्या दोन शाखा तिथे पुन्हा भेटल्या. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये नियम लिहायची पीएल/एसक्यूएल भाषा एडावरून बेतलेली आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत रोज 'बिगिन'नं सुरू आणि 'एंड'नं बंद होणारी जी वाक्यं टंकली जातात, ती पास्कलच्याच वळणाची आहेत. कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकांच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक १९९३ मध्ये आलं. त्यातली स्ट्रक्चर्ड टेक्स्ट ही भाषा उघड उघड पास्कलच्या चेहऱ्याची आहे. चाकणच्या एखाद्या असेंब्ली लाइनवरचा तंत्रज्ञ त्या भाषेत एखादं मूल्य ठेवताना := लिहितो तेव्हा अल्गोलपासून आलेलं चिन्ह लिहीत असतो. गणिताचे शोधनिबंध जगभर ज्या टेक् प्रणालीत अक्षरबद्ध होतात, तिचा डोनाल्ड कनूथ यांनी लिहिलेला मूळ मजकूर आजही पास्कलवर आधारलेला आहे. तो आधी सीमध्ये बदलला जातो आणि मग चालतो.

तुम्हाला हे स्वतः करून बघायचं असेल, तर फ्री पास्कल हा कंपायलर फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. १..३१ असा प्रकार जाहीर करा, हद्द तपासायची सूचना मुद्दाम चालू करा, कारण ती आपोआप चालू नसते, आणि प्रोग्रॅमनं दिवस विचारला की ३२ टंका. तो रनटाइम एरर २०१ सांगून थांबेल. मग तीच सूचना बंद करून पुन्हा ३२ टंका आणि काय होतं ते पाहा.